दरवाज्यामागे बसणारं माणूस

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, पण मला घर नाही. दरवाज्याला घर नाही म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. सांगतो. मला उघडून तुम्ही आत आलात तरी आत येत नाही, आणि बाहेर गेलात तरी बाहेर जात नाही. माझ्या डावीकडे भिंत नाही, उजवीकडेही नाही. माझी कडी निघत नसेल तर बाजूने वळसा घालून येता येतं. तरीही चांगली शिकलीसवरलेली माणसं माझ्यामागे घामाघूम होऊन उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

मी तालमीचा दरवाजा आहे. एका विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग होता, त्याच्या हॉलमध्ये माझं आयुष्य गेलं. शाळा झाली, कॉलेज झालं, तरी ज्यांचं समाधान होत नाही अशी मुलं तिथे नाटकात एम.ए. करायला यायची. आणि एम.ए. करूनही जी बरी व्हायची नाहीत, ती पीएच.डी. करायची.

विभाग नवा होता तेव्हा हॉलमध्ये तीनच गोष्टी होत्या. दगडी फरशी, उंच खिडक्या आणि मोठे सर. मोठे सर म्हणजे विभागप्रमुख. अंगाने चिपाड, पण आवाज असा की ते नुसते खोकले तरी वरच्या मजल्यावरचे गणितवाले काय कोसळलं ते बघायला जिन्यात यायचे. पहिल्याच दिवशी सर मुलांना म्हणाले, "नाटक शिकायचंय ना? मग आधी दार करा. दार नसेल तर माणूस येणार कुठून?"

वर्गात एक काटकुळा मुलगा होता. त्याला सगळे खिळा म्हणायचे. "माझे काका सुतार आहेत, मला येतं," असं म्हणून त्याने काम अंगावर घेतलं. त्याने काकांना फक्त लांबून बघितलं होतं, हे मी तयार झाल्यावर कळलं. मोडक्या बाकांच्या फळ्या आणि सामानाच्या खोक्यांच्या पट्ट्या यांतून मी जन्माला आलो. त्यात खिळ्याने दोन चुका केल्या. माप स्वतःच्या अंगाचं घेतलं. त्यामुळे मी इतका अरुंद झालो की खात्यापित्या घरचा नट असला की तो खेकड्यासारखा आडवा होऊन यायचा. दुसरी चूक पाठीमागची. मला उभं धरायला मागे तिरका टेकू लावला, तो आखूड कापला. टेकूच्या खालच्या फळीवर कुणी तरी बसल्याशिवाय मी उभाच राहीना. बसलेला उठला की मी धाडकन तोंडावर.

खिळ्याचा चेहरा पडला. "सर, दुसरा टेकू करतो."

"राहू दे," मोठे सर म्हणाले. "पाळीपाळीने बसत जा. एक जण लोकांना दिसतो, तेव्हा दुसरा कुणी तरी मागे बसलेला असतो. हे वाचून कळत नाही रे, बूड टेकून कळतं."

असा माझ्या आयुष्यात पाठीराखा आला. पाठीराखा म्हणजे माझ्यामागे टेकूवर बसणारं माणूस. प्रेक्षकांना तो दिसायचा नाही. त्याला शिंकायची परवानगी नव्हती. एकदा एकाला हुंदका आवरला नाही आणि समोरच्या राजवाड्याला धरणीकंप झाला.

विभागाची मोठी परीक्षा माझ्यातूनच व्हायची. विद्यार्थ्याने माझ्यामागून यायचं. शब्द बोलायचा नाही. दार उघडायचं, आत यायचं, उभं राहायचं. समोर तीन परीक्षक. हा माणूस कुठून आलाय, ते तिघांनी सांगायचं. तिघांचं उत्तर एकच आलं तर पास, नाहीतर "पुढच्या खेपेला या."

सोपं वाटतंय? एका मुलाने लढाई जिंकून आलेला राजा करायचं ठरवलं. ऐटीत दार उघडलं आणि माझी मूठ त्याच्या हातात आली. आता काय करावं? त्याने ती छातीशी धरली आणि मान ताठ करून उभा राहिला. तिन्ही परीक्षक एका सुरात म्हणाले, "कुलूप दुरुस्त करून आलाय." एकमत झालं, नियमाप्रमाणे पास! पण तो मुलगाच ऐकेना. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "सर, मी कुलूपवाला नव्हतो. मला परत येऊ द्या." मोठ्या सरांनी त्याला परत येऊ दिलं. तो पुन्हा आला आणि रीतसर नापास झाला. तरी जाताना खुशीत होता. म्हणाला, "निदान बघितलं तरी नीट!"

आणि खिळ्याची परीक्षा. तो आला, दार लावून घेतलं आणि मूठ सोडेचना. बस, एवढंच. तिघा परीक्षकांनी त्या मुठीकडे निरखून बघितलं. मग एक म्हणाले, "घरी गेला होता. वडिलांना न भेटता दारातूनच परत आला." बाकीच्या दोघांनी मान हलवली. ते खरं होतं, मित्रांनो. खिळ्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तो पास झाला आणि मोठ्या सरांनी स्वतः त्याला बाहेर काढून, गाडीत बसवून गावी पाठवलं.

ती माझी चैनीची वर्षं. मुलं हॉलमध्येच खायची, भांडायची, प्रेमात पडायची आणि माझ्यामागे बसून रडायची. बिजागऱ्या कुरकुरल्या की कुणी तरी स्वतःच्या डोक्याचं तेल पुसून लावायचं. एका शोकनाटकात राजाचं प्रेत तिरडीवरून माझ्यातून न्यायचं होतं. तिरडी मावेना. चौघांनी उभी करून बघितली, आडवी करून बघितली. शेवटी प्रेतच वैतागून उठलं, आडवं होऊन माझ्यातून पलीकडे गेलं आणि परत तिरडीवर झोपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रेताने उठून नमस्कार केला. मोठ्या सरांनी त्या प्रेताला महिनाभर पाठीराखा केलं.

मग मोठे सर निवृत्त झाले. निरोप घेतला आणि माझ्यातून बाहेर गेले. वळसा घालून जाता आलं असतं, पण गेले नाहीत. माझी कडी त्यांनी मागून हळूच लावली.

त्यानंतर पुस्तकांची पिढी आली. पुस्तकांबद्दल माझं वाईट मत नाही. मीही लाकडाचा, कागद माझा चुलतभाऊच. पण या मुलांना मला उघडण्यापेक्षा माझा अर्थ काढण्यातच रस. एकदा तर माझ्यावर दिवसभराचं चर्चासत्र झालं. विषय, 'दार आहे का?' सकाळच्या सत्रात मी नाही, असं सिद्ध झालं. तेवढ्यात एका विद्वानांनी मुद्द्यावर जोर द्यायला माझी मूठ धरून ओढली. मागे कुणी बसलेलं नव्हतं. दुपारच्या सत्रात त्यांच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं आणि मी आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

या पिढीला टेकूवर बसायची लाज वाटायची. "मी संशोधक आहे, वजन नाही," असं एक जण म्हणाला. त्याचं वजन खरंच नव्हतं, तो भाग वेगळा. मग बसायचं कुणी? बसायची एकच बाई. तिला घाई म्हणायचे, कारण ती कायम घाईत असायची. घरी नवरा, सासूबाई आणि तान्ही मुलगी. इथे पीएच.डी. चाललेली. मुलीला ती घेऊनच यायची. टेकूला कापड बांधून तिची झोळी करायची, आणि आपण फळीवर बसून एका पायाने झोळी हलवायची. पुढे माझ्यातून राजे येत, खुनी येत, परीक्षक टाळ्या वाजवत, आणि मागे ती पोर अंगठा चोखत झोपलेली. दरवाज्याला मुलंबाळं नसतात, मित्रांनो. पण त्या झोळीचा भार मला अजून आठवतो.

सगळ्यांच्या परीक्षांना घाई बसली. तिची स्वतःची परीक्षा मात्र पुढे पुढे जात राहिली. मूल चालायला लागलं, बोलायला लागलं, शाळेत जायला लागलं, प्रबंध आपला रांगतोच आहे.

घाईचा एक दोस्त होता. डोक्यावर कायम टोपी, म्हणून नाव टोपी. जिभेवर साखर. त्याच्या परीक्षेला घाई अंगात ताप असताना बसली होती. तो म्हणाला, "घाई, तुझ्या परीक्षेला मी बसणार. नाही बसलो तर ही टोपी खाईन."

"धुऊन खा," घाई म्हणाली.

घाईच्या परीक्षेच्या दिवशी टोपी आला नाही. बाकीचे सगळे केव्हाच पास होऊन गेले होते. परीक्षक घड्याळं बघायला लागले. घाईने मागच्या खोलीतून वाळूची पोती ओढत आणली, टेकूवर रचली आणि देवावर भरवसा ठेवला. देवाआधी त्या पोत्यांपर्यंत उंदीर पोचले होते. तिने मला उघडलं, पाऊल आत टाकलं, आणि मागे वाळू सुळसुळ गळायला लागली. वरचं पोतं सरकलं, तिच्या डोक्यावर फुटलं, आणि मी सावकाश, मोठ्या रुबाबात, तिच्या पाठीवर कलंडलो. बोलायचं नाही असा नियम! ती बोलली नाही. मला पाठीवर तोलून, केसांतून वाळू गळत असताना, ती तशीच उभी राहिली.

पहिले परीक्षक म्हणाले, "हमाली करून आली." दुसरे म्हणाले, "भूकंपातून." तिसऱ्यांना हसू आवरेना, त्यांनी फक्त हात हलवला.

"पुढच्या खेपेला या."

घाई पुढच्या खेपेला आली नाही. त्या खेपेलाही नाही, त्यानंतरच्याही नाही. टोपीने सांगितलं, गाडी चुकली. गाडी चुकली नव्हती. त्याची त्या दिवशी मुलाखत होती, आणि नोकरी लागून तो ह्याच विभागात मास्तर झाला. टोपी काही त्याने खाल्ली नाही. पुढे केस गेले तेव्हा तिची गरजही होती.

मग मोबाइल-कॉम्प्युटरच्या पडद्यांची पिढी आली. आता मुलं कमी आणि मी एकटा जास्त. एक मुलगा घरोघरी पार्सलं पोचवायचा आणि तसाच हेल्मेट घालून वर्गात यायचा. तो कुठून आलाय ते बघताक्षणी कळायचं, त्याला अभिनयाची गरजच नव्हती. तो एक दिवस पार्सल द्यायला म्हणून गेला आणि परत आला नाही. एक वर्ष तर सगळ्या परीक्षा कॉम्प्युटरवरच झाल्या. एका मुलाचं मरणाचं दृश्य रंगात आलं होतं. तेवढ्यात मागून त्याची आई कपड्यांची बादली घेऊन गेली आणि म्हणाली, "मेला असशील तर ऊठ, आणि हे वाळत घाल." परीक्षकांनी शेरा दिला, 'मृत्यू आणि घरकाम यांतला संघर्ष विलक्षण.' मुलगा पास. कपडे ओलेच.

त्या दिवसांत माझ्यावर धूळ साठली. कोळ्याने माझ्या कोपऱ्यात जाळं केलं. येणारं-जाणारं तेवढं एकच.

आणि एक दिवस एक मुलगी हॉलमध्ये आली. इकडेतिकडे न बघता थेट माझ्यामागे गेली आणि टेकूवरून हात फिरवला. झोळीच्या गाठीने लाकडाला खाच पडली होती, ती तिच्या बोटाला लागली. मी ओळखलं. घाईची लेक!

ती पीएच.डी. करायला आली होती. सकाळी एका शाळेत नाटकाचा तास, दुपारपासून कपड्यांच्या दुकानात उभं राहायचं, आणि मधल्या फटीत संशोधन. बरोबरची मुलं एक एक करून गळाली. शेवटी विभागात विद्यार्थी म्हणून ती, आणि विभागप्रमुख म्हणून टोपी. हो, तोच. आता सगळे त्याला टोपीसर म्हणायचे.

तिची परीक्षा ठरली, तेव्हाच दुसरी बातमी आली. विभाग बंद होणार. हॉल व्यवस्थापन शिकवणाऱ्या विभागाला मिळणार. ही शेवटची परीक्षा. या खेपेला जमलं नाही तर पुढची खेपच नव्हती.

लेक रोज माझ्यासमोर तालीम करायची. मागे बसायला कुणी नाही, म्हणून बंद पडलेले कॉम्प्युटर टेकूवर रचायची. एकदा ती खिडकीत बसून मैत्रिणीशी फोनवर बोलत होती.

"अगं, मी काय करणारे सांगू का? मी चार वर्षांची होते. आई परीक्षा देऊन घरी आली तेव्हा मी खिडकीतच होते. ती दाराबाहेर थांबली. पाठ ताठ केली. केसांतली वाळू झटकली. चपला काढून हातात घेतल्या. मग चेहऱ्यावर हसू चढवलं आणि आत आली. मी विचारलं कुठे गेली होतीस, तर म्हणाली बाजारात. बस, तेवढंच करायचंय मला. तेवढं टोपीसरांनी ओळखलं पाहिजे. एकदा तोंडाने म्हणाले पाहिजेत, ही कुठून आली ते. डिग्रीचं काय गं, ती ठेवीन कपाटावर, धूळ खायला."

मी ऐकलं आणि माझ्या बिजागऱ्या दुखायला लागल्या.

पण घोडं अडलं नियमापाशी. टोपीसर म्हणाले, "दारामागे कॉम्प्युटर नाही चालायचे. जिवंत पाठीराखा पाहिजे, आणि तोही विभागातला विद्यार्थीच."

"सर, विभागात मी एकटीच आहे."

"मग तूच बस."

"मग दारातून येणार कोण?"

टोपीसर विचारात पडले. "हा फार चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले. "यावर कुणी तरी संशोधन करायला हवं."

परीक्षेच्या सकाळी हॉलमध्ये एक बाई आली. केस पांढरे, हातात पिशवी, आणि चालण्यात तीच लगबग. सरळ माझ्यामागे जाऊन तिने कॉम्प्युटर उचलून बाजूला ठेवले आणि फळी पदरात घेतल्यासारखी आपलीशी करून बसली. त्या वजनाखाली माझी पाठ आपोआप सरळ झाली.

"अहो बाई, तिथे कुठे बसताय?" टोपीसर धावले. "विभागातलंच माणूस लागतं तिथे."

"मग मी कुठली आहे?" बाई म्हणाली. "मला 'पुढच्या खेपेला या' म्हणाले होते. आले."

टोपीसरांनी चष्मा सारखा केला. "घाई? तू? अगं, किती वर्षांनी! त्या दिवशी मला..."

"गाडी चुकली. माहितीये."

टोपीसर गडबडले. खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, परत ठेवला. "आज बघ," ते हलक्या आवाजात म्हणाले, "आज मी तुझ्या लेकीचं नीट बघतो. डोळ्यांत तेल घालून बघतो."

"तेल या दाराच्या बिजागरीत घाल," घाई म्हणाली. "तू नुसतं बघ."

तीन परीक्षक असे होते. एक टोपीसर. दुसरे परदेशातले, ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर. त्यांना माझ्या अगदी समोर एका खुर्चीवर ठेवलं होतं. तिसरे परीक्षक मिळाले नाहीत, म्हणून हॉल ताब्यात घ्यायला आलेल्या व्यवस्थापनाच्या बाईंनाच बसवलं. त्यांनी मोजायची पट्टी आणली होती. "मी ऐकतेय हं, तुम्ही चालू करा," असं म्हणत त्या खिडक्यांची मापं घेत होत्या.

लेक माझ्यामागे उभी राहिली. मायलेकी एकमेकींना लागून, पण एकीने दुसरीकडे बघितलं नाही. घाईचं तोंड भिंतीकडे. पाठीराख्याने वळून बघायचं नाही, ही मोठ्या सरांची शिस्त.

मला लेकीचा हात लागला. तिने पाठ ताठ केली. केसांवरून हात फिरवला, एकदा, दोनदा, आणि हलकेच झटकला. चपला काढल्या. फरशीवर चपला काढल्याचा तो आवाज झाला, आणि टेकूवर बसलेल्या घाईचा श्वास थांबला. मला कळलं, कारण मीही थांबलो होतो.

लेकीने दार उघडलं आणि आत आली.

मित्रांनो, मी आयुष्यात खूप जण येताना पाहिले. पण असं येणं मी पाहिलं नव्हतं. चेहऱ्यावर हसू होतं, आणि त्या हसण्याला पाठीमागून कुणी तरी टेकू दिल्यासारखं ते थरथरत होतं. हातात चपला. पाठ ताठ, पण अशी ताठ की आत्ताच तिच्यावरून काहीतरी जड उतरलंय आणि उतरूनही गेलेलं नाही. खिळा असता तर त्याने मूठ गच्च धरली असती. मोठे सर असते तर खोकले नसते.

आणि बरोबर त्याच क्षणी टोपीसरांचा फोन वाजला. ते खिडकीकडे वळले. "हो सर, हो सर... दुपारपर्यंत रिकामा करून देतो... नाही नाही, एकच आहे, आत्ता संपेल." पडद्यावरचे परीक्षक तोंड उघडं टाकून गोठले होते, नेट गेलं होतं. व्यवस्थापनाच्या बाई पट्टी घेऊन लेकीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "जरा इकडे सरकतेस का? पलीकडची भिंत मोजायचीय."

लेक सरकली नाही. हसू तसंच धरून उभी राहिली.

टोपीसरांनी फोन ठेवला, वळले, आणि उभ्या असलेल्या लेकीकडे बघून टाळी वाजवली. "वा! छान. तर परीक्षक हो, उमेदवार कुठून आली?"

व्यवस्थापनाच्या बाईंनी पट्टी गुंडाळता गुंडाळता दाराकडे बघितलं. "बाहेरून," त्या म्हणाल्या.

"बरोबर," टोपीसर म्हणाले. "बाहेरून."

पडद्यावरचे परीक्षक हलले. "बाहेरून... बाहेरून... मान्य आहे," ते म्हणाले.

तिघांचं एकमत! नियमाप्रमाणे पास. किती तरी वर्षांत असं झालं नव्हतं. टोपीसर तर हरखून गेले. "अभिनंदन! एकाच फटक्यात!"

"सर," लेक म्हणाली. हसू अजून चेहऱ्यावरच होतं, काढायचं विसरली होती. "सर, तुम्ही बघितलं नाहीत. मला परत येऊ द्या."

"अगं, पास झालीस ना! आता परत कशाला?"

"बाहेरून म्हणजे कुठून, सर?"

"ते महत्त्वाचं नाही. एकमत महत्त्वाचं."

तेव्हा घाईला राहवलं नाही. "अरे, बाहेरून काय? डोळे आहेत की बटणं?" असं ओरडून ती ताडकन उठली.

ती उठली, आणि माझं काय होणार ते तुम्हाला ठाऊकच आहे. लेक चपळाईने बाजूला झाली. मी थेट परदेशातल्या परीक्षकांवर. खुर्ची मोडली, कॉम्प्युटर माझ्याखाली. मग माझ्या पोटाखालून आवाज आला, "हॅलो? इथे अंधार झालाय. उमेदवार आली का?"

कुणीच हसलं नाही. मला वाटलं होतं, निदान कुणी तरी हसेल.

घाई लेकीपाशी गेली. तिच्या केसांवरून हात फिरवला, वाळू शोधत असल्यासारखा. "मी ओळखलं गं," ती म्हणाली. "चपलांवरूनच ओळखलं. तू खिडकीतून बघत होतीस त्या दिवशी?"

"तू परीक्षक नाहीस ना, आई," लेक म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं नाही, आणि म्हणूनच ते ऐकवेना. मग तिने विचारलं, "आई, त्या दिवशी तू कुठून आल्याचं दाखवणार होतीस?"

घाई बराच वेळ आठवत राहिली.

"आठवत नाही गं आता," ती म्हणाली.

दोघी गेल्या. मी आडवा पडलो होतो, म्हणून त्यांना माझ्यातून जाता आलं नाही. वळसा घालून गेल्या.

आता माझं बरं चाललंय, असं सगळे म्हणतात. मला पॉलिश केलं, बिजागऱ्या काढल्या, आणि इमारतीच्या पुढच्या दालनात भिंतीवर स्क्रूने घट्ट बसवलं. खाली पितळी पाटी, 'आमचा वारसा.' टेकू काढून टाकला. आता माझ्यामागे भिंत आहे. शेवटी मला भिंत मिळाली, मित्रांनो, पण ती अशी मिळाली की मी उघडतच नाही. लोक माझ्यापुढे उभं राहून, मूठ धरून फोटो काढतात. माझ्यासमोर नवीन काचेचं दार आहे. त्याच्या जवळ गेलं की ते आपोआप सरकतं. माणूस असो, कुत्रं असो, वाऱ्याने उडालेली पिशवी असो. त्याला काही फरक पडत नाही.

परवा त्या दारातून लेक आली. डिग्रीचा कागद न्यायला आली असणार. दारावरच्या पहारेकऱ्याने मोबाइलमधून मान वर न करता डावीकडे हात केला. खिडकीतल्या बाईने मान वर न करता कागद सरकवला. त्या दोघांनी तिला पाहिलं नाही, पण मी पाहिलं. एका चपलेची टाच जास्त झिजलेली, म्हणजे दिवसभर एका पायावर भार देऊन उभी असते. चेहऱ्यावर दुकानातलं हसू, गिऱ्हाईक गेलं तरी उतरवायचं राहून गेलेलं. पिशवीत आईच्या औषधांचा खळखळाट. बरं नसलेल्या आईला एकटीला ठेवून, दुकानातून अर्ध्या तासाची सुट्टी मागून आली होती, आणि ती सुट्टी आता संपत आली होती. मी सगळं ओळखलं. तीन परीक्षकांचं काम मी एकट्याने केलं. पण दरवाज्याला कुणी विचारतं का?

जाताना ती माझ्यापाशी थांबली. मूठ धरली. फिरवून बघितली. मूठ फिरली नाही, तीही त्यांनी स्क्रूने बसवलीय. मग काचेचं दार आपोआप सरकलं आणि ती गेली.

मित्रांनो, दारांना तेल घाला, वाळवी लागू देऊ नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते तुम्हाला शाळेत सांगतात. माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या दारातून कुणी आत आलं, तर मान वर करून बघा. आणि ते कुठून आलंय ते ओळखा. 'बाहेरून' हे उत्तर देऊ नका. ते नेहमी बरोबर असतं, म्हणूनच देऊ नका.

तुम्ही ऐकाल असं मला वाटत नाही. तुम्ही आत्ताच आत आलात, माझ्यासमोर उभे आहात, आणि पाटी वाचून फोटो काढताय. तरी सांगून ठेवलं.